मालिशीचं तेल आणि कोवळं ऊन

२ मे

वहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार, आणि नमस्काराला लागूनच एक रीतसर तक्रार.

तक्रार गाठींबद्दल आहे. आपण पाठवलेला तेलाचा डबा काल दुपारी सुखरूप पोहोचला. पोहोचला, पण उघडेना. सुतळीला आपण ज्या गाठी मारल्या आहेत त्यांचं नुसतं वर्गीकरण करायचं म्हटलं तरी एखादा भाष्यकार पगारी ठेवावा लागेल. पहिली गाठ मी नखाने सोडवली, दुसरी दातांनी. तिसरीपाशी आमच्या अत्तर-कारखान्याचे मालक येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, डबा उघडताय की त्याची समजूत काढताय?" शेवटी कात्री आणवली. वहिनी, कात्री म्हणजे पराभव. ज्याने मिसरूड फुटेपर्यंत तर्कशास्त्राखेरीज दुसरं काही तोंडात येऊ दिलं नाही, त्या माणसाला एका सुतळीने चारचौघांत निरुत्तर करावं, हे कुळाला शोभणारं नाही. पुढच्या वर्षी एकच गाठ, तीही सुटणारी, अशी नम्र विनंती.

असो. मालकांनी डब्यावर 'नेरोली' अशी चिठ्ठी लावली. बाजारात ते नाव चालतं. आपल्या घरात कडू संत्र्याच्या फुलांच्या तेलाला नुसतं 'फूल' म्हणतात, आणि माझ्या मते तेवढं पुरे आहे. दादाचा पाय प्लास्टरमध्ये, तेव्हा यंदा भट्टी आपण एकटीने चालवलीत हे कळलं होतंच. झाकण काढलं. तोच हिरवट कडसरपणा, मागे मध. पण या दोघांच्या पुढे एक चुणचुणीत, जरा आगाऊ बाई येऊन उभी राहिली आहे. तिला मी सालीचा वास म्हणतो. फुलाला सालीची किंचित आठवण असतेच. एकाच झाडाची लेकरं ती. यंदा मात्र आठवण मोठ्याने बोलते आहे. भट्टीशेजारी बसून कुणी संत्री सोलत होतं काय? कळवावं, म्हणजे माझ्या नाकाची किंमत मला कळेल.

सोबत एक बाटली पाठवतो आहे, ती टिल्लीसाठी. आपली ठकी कालपरवापर्यंत माझ्या अत्तरांची बुचं चघळत होती आणि आज तीच आई झाली, याचा मला अजून नीट राग आलेला नाही. बाळाच्या अंगाची कातडी सुटते, कोरडी पडते, असं तिने लिहिलं होतं. म्हणून बदामाच्या तेलात आपल्याच झाडांचं फूल घातलं आहे. एरवी थेंब जपून टाकतो. पुतणीच्या लेकीसाठी हात सैल सोडला. कारखान्याची रीतही पाळली आहे. जे दुसऱ्याच्या अंगाला लावायचं ते आधी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून वाट बघायची. मी लावलं, वाट बघितली. कातडी गप्प आहे.

मालीश झाली की तिला कोवळ्या उन्हात जरूर ठेवा. आमचं तळघर तुम्ही पाहिलं आहे. उजेडाने तेलं बिघडतात म्हणून खिडक्यांना तपकिरी रंग फासलेला. मी सकाळी त्यात उतरतो आणि दिवे लागल्यावर वर येतो. माझा रंग आता पोत्यातल्या बटाट्याच्या कोंभासारखा झाला आहे. तेव्हा चुलत आजोबांच्या वाट्याचं ऊनही तिलाच द्या.

दादाला नमस्कार. त्याने पाय हलवू नये, आणि तुम्ही त्याला बोलू द्यावं. दोन्ही गोष्टी एकदम होणं कठीण आहे, तरी.

आपला,
गाठींनी गांजलेला


५ मे

वहिनी,

कार्डावर लिहितो आहे म्हणजे तक्रार नाही. डब्याबद्दल विचारलं होतं तेवढं कळवा. उलट टपाली कळवलंत तर बरं. फुलाशिवाय त्यात काही गेलं असेल, चुकून, तर तेही. सालीचं वगैरे. विशेष काही नाही. टिल्लीला पापा.


९ मे

भाऊजींना अनेक आशीर्वाद. वयाने तुम्ही मोठे असाल, नात्याने मी मोठी, मुकाट्याने घ्या.

गाठी मीच मारल्या. मागच्या वर्षी तुमच्या दादांनी एकच गाठ मारली होती, तीही सुटणारी. डबा टपालवाल्याच्या सायकलवर सांडला आणि तो बिचारा महिनाभर नवरदेवासारखा घमघमत गावभर फिरला. तेव्हा कात्री वापरत जा, भाऊजी. पराभव पचवायची सवय चांगली.

तुमच्या दादांची तब्येत उत्तम आहे, दुर्दैवाने. पाय उशांवर, तोंड खिडकीत. भट्टी लावली होती ते सगळे दिवस तिथूनच ओरडत होते, "आच कमी कर! पाणी बघ! अगं, वाफेचा आवाज ऐक, आवाज!" वाफेचा आवाज ऐकू यायचा तर यांचा थांबायला हवा. त्यात ऐन बहरात पाऊस. ओली फुलं भट्टीत घालू नयेत हे मलाही ठाऊक आहे, पण झाडाला कोण सांगणार? फुलं आली, ती उतरवली, गोण्यांवर पसरली, पंखा लावला, आणि घातली. कशीबशी निभावली. शेवटी बाटली यांच्या नाकाशी धरली. बराच वेळ डोळे मिटून बसले. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा बरी चालवलीस." भाऊजी, लग्नाला इतकी वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

आणि तुम्ही दोनदा विचारलंत. दुसऱ्यांदा तर कार्डावर, जे टपालवाला मोठ्याने वाचत फाटकातून आत येतो. भट्टी बाईने लावली की तेलाला सालीचा वास येतो, असं तुमच्या कुठल्या शास्त्रात लिहिलंय? फुलाचंच आहे. निव्वळ फुलाचं.

टिल्लीचं अंग तुमच्या तेलाने सायीसारखं झालंय. मी पाय लांब करून बसते, तिला पायांवर घेते आणि तळहाताने मुरवते. ती छताकडे बघत राहते, जशी काही छताचे हिशेब तपासायला आली आहे. ठकी म्हणते, "आई, तुझ्याही हातांचा वास आता काकाच्या कारखान्यासारखा येतो." उन्हाचं म्हणाल तर ते कसं असतं हेच विसरलो. आभाळ हटत नाही. हटलं की अंगणात ठेवीनच. तुमच्या वाट्याचंही देईन.

वहिनी


१४ मे

अपराधी दीर हात जोडून उभा आहे.

एखादी गोष्ट खरी कशी मानावी याचे आमच्या गुरुजींनी तीन मार्ग शिकवले होते. स्वतः पाहावी, तर्काने काढावी, किंवा विश्वासाच्या माणसाच्या तोंडून ऐकावी. माझं नाक म्हणत होतं साल, तर्क म्हणत होता साल, आणि आपलं पत्र म्हणतं फूल. मी पत्र धरलं. नाक शेवटी पन्नाशीला आलेलं, आणि तर्काने मला आजवर फक्त भांडणं मिळवून दिली आहेत.

आता सांगायला हरकत नाही. गेले काही दिवस मी बरा नव्हतो. बाटली टपालात टाकून आलो, आणि काय लहर आली कोण जाणे, साबणाच्या फडताळातली सालीच्या तेलाची बाटली उघडून डब्याशेजारी ठेवली. तीच आगाऊ बाई दोन्हीकडे. वहिनी, फूल वाफेवर उतरतं, म्हणून ते गरीब. साल दाबून पिळतात, आणि त्या पिळलेल्या तेलात असं काही उतरतं की अंधारात ते साधूसारखं बसून राहतं, आणि ऊन लागलं की कातडी भाजून काढतं. तेही लगेच नाही. एकदोन दिवस जाऊ देतं, म्हणजे माणसाला कारण सापडू नये. आमच्याकडे म्हणच आहे, साल साबणात, फूल गालावर. साबण निदान धुऊन जातो.

मग पुढचं सुचलं. माझी कोपराची परीक्षा झाली कुठे, तर तळघरात. तपकिरी खिडक्यांच्या आत. या खोलीत सालीचं तेलही माझ्या कोपरावर साधूच ठरणार! आणि त्याच पत्रात मी तुम्हाला लिहिलं होतं, तिला उन्हात ठेवा. तेव्हापासून घास उतरत नव्हता. बाही वर करून गच्चीवर गेलो, तर इथेही आभाळ. हात पसरून उभा होतो तेव्हा मालक वर आले. "शास्त्रीबुवा, ढगांना हात दाखवून भविष्य बघताय?" मी म्हटलं, हो.

तुम्हाला उगाच घाबरवायचं नव्हतं म्हणून विनोदात विचारलं. तुमचं उत्तर आलं आणि मी त्या दिवशी पोटभर जेवलो. कारखान्यात गालाला लावायचं मलम बनतं, त्यात हा डबा ओतायचा थांबवला होता, तोही उद्या ओतीन. टिल्लीला आता बेलाशक उन्हात ठेवा. शंकेबद्दल क्षमा. भट्टी आपण दादापेक्षा बरी चालवलीत हे मीही लिहून देतो.

आपला,
जेवलेला


१६ मे

भाऊजींना आशीर्वाद.

तुमचं उत्तर यायचंय, तरी लिहायला बसले, कारण ऊन आलं! तीन दिवस झाले, आभाळ धुऊन काढल्यासारखं झालंय. सगळी पांघरुणं, गोण्या, तुमच्या दादांची गादी, सगळं बाहेर काढलं. दादाच तेवढे राहिले. पहिले दोन दिवस मी बाहेरच होते. बहर संपला की झाडांच्या आतल्या वाळक्या काटक्या काढाव्या लागतात, ते काम पावसाने अडलं होतं. टिल्लीची मालीश उरकायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडायच्या आणि बाहेर पडायचं.

त्याची मात्र गंमत झाली. दोन्ही हात लाल होऊन सुजलेत, आज बोटांवर फोड आलेत. तुमचे दादा म्हणतात, काटक्यांचा चीक लागला. एवढी वर्षं त्याच काटक्या काढते, कधी चीक लागला नाही. पण त्यांना झोपून झोपून वैद्यकी आली आहे. कोपराच्या वर काही नाही. मनगटाच्या आत तर अशी रेघ उमटलीय, जणू ओघळ यावा आणि कुणी तो लाल शाईने गिरवावा. जळजळतं. गार पाण्यात हात घालून बसते, मग बरं वाटतं.

अंगण ओलं होतं म्हणून टिल्लीला थांबवलं होतं. आज सकाळी मालीश करून पहिल्यांदा बाहेर ठेवलं, पालथी, उघड्या अंगाने. भाऊजी, काय सांगू. मान उचलून बघत होती. पाठ नुसती चमकत होती. ठकी म्हणाली, "आता रोज इथेच ठेवायचं हिला." रोज ठेवणार आहोत. तुमच्या वाट्याचंही दिलं हं.

वहिनी


तार, २० मे

तेल लावू नका. बाळ उन्हातून आत घ्या. साबणाने धुवा. अंधाऱ्या खोलीत ठेवा. डॉक्टर आणा. डब्यात साल होती का. तारेने कळवा.


२० मे

वहिनी,

तुमचं सोळा तारखेचं पत्र आत्ता मिळालं. तार करून आलो आणि तार-कचेरीच्या बाकावरच हे लिहितो आहे.

हातांना चीक लागलेला नाही. तो तेलाचा ओघळ आहे. तुम्ही मालीश केलीत आणि उन्हात गेलात. तेलाने माखलेला भाग भाजला, न माखलेला वाचला. रेघ वाचली तेव्हाच कळलं.

टिल्लीचं अंग साबण आणि कोमट पाण्याने धुवा, घासू नका. लाल झालं असेल तर स्वच्छ ओलं फडकं नुसतं ठेवा. फोड आले तर फोडू नका. खिडकीतलं ऊनही नको; खिडकीवर चादर टांगा. पुढचे बरेच दिवस नको. फडताळातलं कुठलंही तेल, मलम, घरगुती उपाय नको. डॉक्टरना बोलवा आणि त्यांना संत्र्याच्या सालीचं तेल आणि ऊन, असं सांगा. त्यांना समजेल.

इथे ऊन आहे. डाव्या हाताला तेच तेल लावून मी गच्चीवर बसणार आहे. कळायला एकदोन दिवस लागतील. कळून उपयोग नाही, पण बसणार आहे. मलमात डबा पडला आहे. एकही डबी बाहेर गेलेली नाही, सगळी बाजूला काढून ठेवली.

तुम्ही मला निव्वळ फुलाचं असं लिहिलंत. मी अजूनही ते खरं असावं अशी आशा करतो आहे.


तार, २० मे

होय.


२१ मे

भाऊजी,

ठकीच्या नकळत लिहिते आहे. हात नीट चालत नाहीत, अक्षर लावून घ्या.

सगळे घाणे उतरले तेव्हा तेलाला शिजलेल्या पाल्याचा वास येत होता. फुलं ओली, आच जास्त, काय चुकलं कोण जाणे. बहर तर निघून गेला होता, दुसरी फुलं कुठून आणू? भट्टीमागे बसून रडले. खिडकीतून हे ओरडत होते, "काय उतरलं? दाखव!" फडताळात हिवाळ्यातली सालीच्या तेलाची बरणी होती. थोडं घातलं. वास हसरा झाला. आणखी घातलं. मिठाईत घालतात ते, मुलं खातात. जे पोटाला चालतं ते कातडीला का चालू नये? त्याच झाडाचं ना? मग यांच्या नाकाशी धरलं आणि यांनी ते वाक्य म्हटलं. त्यानंतर मी कुणालाही काही सांगू शकत नव्हते. तुम्हाला तर नाहीच. तुम्ही थट्टा करत होतात, मला वाटलं ही थट्टा आयुष्यभर पुरवाल.

काल यांना सांगितलं. प्लास्टरवरून हात फिरवत बसले. मग म्हणाले, "पाल्याचा वास नव्या तेलाला असतोच. महिनाभर ठेवलं की जातो. मला विचारायचंस."

अजून एक आहे. तुमचं चौदाचं पत्र एकोणिसालाच आलं होतं. मी फोडलं नाही. पुन्हा सालीचंच विचारलं असेल असं वाटलं, म्हणून फडताळात पिठाच्या डब्यामागे ठेवून दिलं. तार आल्यावर फोडलं.

टिल्लीला सोळापासून रोज ठेवत होतो. अठराला पाठ लाल दिसली. घामोळं असेल म्हटलं. आणि भाऊजी, तिला गार वाटावं म्हणून मी तेच तेल पुन्हा लावलं, एकोणिसाला पुन्हा ठेवलं. कालही सकाळी ठेवलं होतं. तारवाला फाटकात आला तेव्हा ती बाहेरच होती.

दुपारपर्यंत पाठीवर फोड आले, मांड्यांच्या मागे आले. डॉक्टरीणबाईंनी पट्ट्या बांधल्या. मोठ्या माणसाचं असतं तर काळजी नव्हती, म्हणाल्या. एवढ्याशा जिवाची कातडी उघडी पडली की ताप शिरायला वेळ लागत नाही, तेवढं बघा. काल दिवसभर किंचाळत होती. आज सकाळपासून रडत नाही. दूध घेते, अर्धवट सोडते. डॉक्टरीणबाई उद्या परत येणार आहेत. तिचं अंग गरम आहे का, मला कळत नाही. माझ्या भाजलेल्या हातांना सगळंच गरम लागतं, आणि ठकी मला तिला हात लावू देत नाही. ओरडली असती तर बरं होतं. नुसती बाळ घेऊन दुसऱ्या खोलीत जाते.

डाग राहील का? खरं सांगा. थट्टा नको.


२४ मे

वहिनी,

डाग राहील. तपकिरी, काही महिने, कदाचित वर्ष. बहुतेक वेळा पुसट होत जातो. फोड जिथे खोल गेले असतील तिथलं मला सांगता येत नाही. ठकीला हे असंच सांगा. जास्त गोड करू नका.

माझ्या डाव्या हातावर फोड आले. तुम्ही लिहिलंत तसेच. जळजळ सहन होण्यासारखी आहे, पण मी मोठा माणूस आहे आणि माझा एकच हात भाजला आहे. तिची पूर्ण पाठ. मी सारखा तेवढंच मोजत राहतो.

साल तुम्ही घातलीत. हात सैल मी सोडला, आणि उन्हात ठेवा असं लिहिलं तेही मीच, तळघरात बसून. नाकाला कळलं होतं. पाच तारखेला कार्ड टाकलं तेव्हा मला पुरतं कळलं होतं, वहिनी. तरी मी 'विशेष काही नाही' लिहिलं. सरळ विचारलं असतं तर तुम्ही सरळ सांगितलं असतंत, आणि ती बाटली मी पाठवलेली होती. ठकीला राग करायचाच असेल तर अर्धा मला द्या. दादाला सांगा, पाल्याच्या वासाचं त्यालाही बहराच्या आधी बोलता आलं असतं.

बावीसला आणि तेवीसला मी तारा केल्या. एकीचंही उत्तर नाही. दादा चालू शकत नाही. ठकी बाळाला सोडणार नाही. तुमचे हात बांधलेले असतील, आणि तार-कचेरी लांब आहे. किंवा तारेचे खांब पडले असतील. अशी सगळी कारणं मी लावून पाहिली. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, आणि एकाचाही मला आधार वाटत नाही.

मालकांनी सुट्टी दिली. स्वतः माझी पिशवी भरून दिली. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. हे पत्र माझ्या आधी पोहोचेल की माझ्या मागून, माहीत नाही. बसवत नाही म्हणून लिहितो आहे. डॉक्टरीणबाईंनी काही औषध लिहून दिलं असेल आणि तिथे मिळत नसेल, तर मी येईपर्यंत थांबू नका, शेजारच्या कुणाला तरी पाठवा.

मला डागाची भीती नाही. तुम्ही लिहिलंत की ती सकाळपासून रडत नाही, ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी फाटकातून आत येईन, अंगण ओलांडीन, आणि घरातून काहीच आवाज येणार नाही, याची मला भीती वाटते.